चढावर टँकर रिव्हर्सच होऊन नाही राहिला, चाकं जाम होतात

संत्राबाग_वरूड:
राम राम मंडळी. पाच हजार लिटरचा दोन चाकी पाण्याचा टँकर जुना घेतला. दांडीत सरकता हूक आहे, त्यातच मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकचं ऑइल दाबणारा. ट्रॅक्टरचा ब्रेक दाबला की टँकर मागून रेटतो, हूक आत सरकतो आन् त्या दाबानंच टँकरचे ब्रेक लागतात. रोडवर काहीच तक्रार नाही. पण माझी टाकी बागेच्या वरच्या अंगाला, ड्रिप तिच्यावरूनच. एकीकडं नाला, दुसरीकडं धुरा, वळवाले जागा नाही. शंभरेक फूट चढावर मागं मागं न्यावं लागते. दहा फूट गेलं की टँकरची चाकं जाम, ट्रॅक्टरचे टायर काळी माती उकरून राहिले. अंबिया बहाराची फळं झाडावर आहेत, मे महिन्याचं ऊन, गळ सुरू झाली. शेजारी म्हणतो ब्रेकची नळीच काढून टाक. काढू का?

मोर्शी_फिटर:
नळी काढू नका भाऊ. भरलेल्या टँकरात पाच टन नुसतं पाणी आहे. उतारावर ते तुमच्या पाठीवर येईल.
चाकं जाम का होतात ते सांगतो. मागं ढकलतानाही हूक आतच दाबला जातो, त्या सिलिंडरला पुढचं-मागचं कळत नाही. सपाटीवर दाब कमी म्हणून निभते, चढावर निभत नाही. ड्रम ब्रेक आहे की डिस्क? काही ड्रममधी मागं फिरताना शू आपोआप सुटतील अशी रचना असते. डिस्कमधी ती सोय नाही.

संत्राबाग_वरूड:
डिस्क आहे दादा. पहिल्या मालकानं ड्रम काढून बसवली.

मोर्शी_फिटर:
मग तिथंच घोळ आहे. ड्रम बदलला, पण मागं जायची सोय केली नाही. मास्टर सिलिंडरच्या लगेच पुढं, नळीतच, बारा व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह टाका. करंट मिळाला की तो ऑइलची वाट बंद करतो, हूक दाबला तरी दाब चाकापर्यंत जात नाही. गाड्यांमधी हा करंट रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतात. तुमच्या ट्रॅक्टरला तो दिवा नसेल, तर रिव्हर्स गिअरच्या दांड्यापाशी लिमिट स्विच बसवा, म्हणजे दांडा टेकला की आपोआप चालू आन् सुटला की बंद होणारा. साधं चालू-बंदचं बटन लावू नका. ते चालू राहिलं तर रोडवर टँकरला ब्रेकच नाही. ऑइल ब्रेकचंच टाका, इंजिनचं नाही, त्यानं रबरी सील फुगतात. जोडल्यावर नळीतली हवा नीट काढा.

धुऱ्यावरचा_आर्वी:
आमच्याकडं हूक सरकू नये म्हणून खिट्टी घालत होते. एका सांजेला मी ती काढायची विसरलो आन् कापूस भरून निघालो. नाल्याच्या उतारावर ट्रॉलीनं ट्रॅक्टर आडवा केला. पोरगा मडगार्डवर बसला होता. वाचला, पण त्या दिवसापासून मडगार्डवर कोणाले बसू देत नाही आन् ती खिट्टीही फेकली. भाऊ, स्विचवालंच करा.

संत्राबाग_वरूड:
बसवलं. आज दोन टँकर वर गेले. पहिल्या खेपेला अर्ध्या चढावर थांबून गिअर काढला, मग पुन्हा रिव्हर्स टाकला तर परत जाम.

मोर्शी_फिटर:
बरोबर आहे. गिअर काढला की व्हॉल्व्ह उघडला, चढामुळं टँकर हुकावर रेटलेला होताच, ब्रेक लागले. मग रिव्हर्स टाकला तेव्हा तोच दाब आत कोंडला. खाली सपाटीवर या, हातभर पुढं ओढून हूक पूर्ण बाहेर येऊ द्या, मग रिव्हर्स टाका आन् वर पोहोचेपर्यंत गिअर काढू नका. थांबायचंच झालं तर क्लच आन् ट्रॅक्टरचा ब्रेक दाबून थांबा.

संत्राबाग_वरूड:
तसंच केलं दादा. तिसरा टँकर एका दमात टाकीपाशी लागला. आता ड्रिप चालू करून बसलो आहे.