शब्दचर्चा: 'समावेशक वेळापत्रक' की 'सर्वांना धरून'?

ऐरोलीकर: वाशीत तीन दिवसांची परिषद आहे. परिपत्रकाच्या इंग्रजी मसुद्यात 'इन्क्लुझिव्ह' दोनदा आलाय. एकदा '१२ ते १४' या तारखांपुढे आणि एकदा 'इन्क्लुझिव्ह शेड्युलिंग' असा. पहिल्याला मराठीत काय लिहायचं? आणि दुसऱ्याला 'सर्वसमावेशक वेळापत्रक' चालेल का?

मुद्रितशोधक: पहिल्याचं सरळ आहे: '१२ ते १४, दोन्ही दिवस धरून'. नुसतं 'ते' किंवा 'पर्यंत' ठेवलं की शेवटचा दिवस आत की बाहेर, यावर जुंपते. सभागृहाच्या बाबतीत तर हा वाद पैशांचा होतो. तुमची माणसं १४ला रात्री फलक उतरवायला घेणार आणि व्यवस्थापक दुपारीच चावी मागणार. ताबा कधी मिळणार, कधी सोडायचा, ते तारीख-वार-तासासकट लिहा.

'सर्वसमावेशक' म्हणजे सगळं पोटात घेणारं. धोरणाला, समितीला तो शब्द शोभतो. वेळापत्रकाला लावला तर वाटतं, यात सत्रांपासून चहापर्यंत सगळं छापलंय. माणसांबद्दल बोलताय हे कळतच नाही.

पारसिक: 'सोयीस्कर'?

मुद्रितशोधक: नको. तो शब्द आता नासलाय, 'सोयीस्करपणे विसरले' यातच जास्त दिसतो. 'सोयीची तारीख' ठीक, पण कोणाच्या सोयीची?

खाडीकाठ: मग दोन्हीकडे 'धरून'च का नको? 'दोन्ही दिवस धरून' आणि 'सर्वांना धरून आखलेलं वेळापत्रक'. इंग्रजीत एका शब्दाची दोन कामं, मराठीतही एकच शब्द ती करतोय.

पारसिक: 'धरून'ला 'गृहीत' चिकटला की अर्थ नेमका उलटा होतो, एवढं सांभाळा. :)

खाडीकाठ: खरंय. आणि बहुतेक ठिकाणी गृहीतच धरतात. २ ऑक्टोबर २०२५ घ्या. गांधी जयंती, दसरा, म्हणजे अनेकांचा धम्मचक्र प्रवर्तन दिनही, आणि त्याच दिवशी ज्यूंचा योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस. हे काही दूरचं नाही. ठाण्यातलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८७९चं आहे आणि बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, घरी मराठीच बोलतात. ते शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली' हा शब्दही आपलाच. यात शब्दाचा मुद्दा असा की 'दिवस' सगळ्यांचा एकाच वेळी सुरू होत नाही. योम किप्पूर आदल्या दिवशी सूर्यास्ताला लागतो. म्हणून १ तारखेचं संध्याकाळचं स्वागतभोजनही गेलं. मुख्य दिवस टाळला आणि आदली संध्याकाळ विसरली, ही नेहमीची चूक. आपल्याकडेही स्मार्त आणि भागवत एकादशी कधीकधी वेगवेगळ्या वारी येतात.

ऐरोलीकर: अशा तारखांच्या यादीला शीर्षक काय? 'निषिद्ध दिवस' फारच भटजी वाटतं.

मुद्रितशोधक: 'वर्ज्य तारखा'. रागात स्वर वर्ज्य असतो तसं, स्वर वाईट नसतो, इथे घ्यायचा नसतो एवढंच. यादी दरवर्षी नव्याने करा. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा १०-११ दिवसांनी लहान असतं, त्यामुळे गेल्या वर्षीची यादी उतरवली की ईद चुकलीच. शिवाय ती चंद्रदर्शनावर, म्हणून एकाऐवजी लागोपाठचे दोन दिवस वर्ज्य धरा.

पारसिक: नोंदणीच्या अर्जात 'उपवास असल्यास खूण करा' असा रकाना असेल तर आधी तो काढा. आपल्या उपवासात साबुदाण्याची खिचडी बसते. जैनांच्या उपवासात अन्नच नसतं, घेतलंच तर उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. रोज्यात दिवसभर पाणीसुद्धा नाही. एका खुणेवरून तिघांना खिचडी वाढली जाते. रकाना असा करा: 'कोणत्या वेळी, काय चालेल?'

खाडीकाठ: यावरूनच एक शब्द सुचवतो, 'तिन्हीसांजेची सुट्टी'. सूर्यास्ताआधी जेवण उरकणारे आणि सूर्यास्तानंतरच तोंडात घास घालणारे, दोघे एकाच सुट्टीत बसतात, फक्त ती सूर्यास्ताच्या दोन्ही बाजूंना हवी. मार्चच्या मध्यात ठाणे-वाशीकडे सूर्यास्त पावणेसातच्या आसपास. तेव्हा ६.१० ते ७.१० सुट्टी आणि जेवण ६लाच तयार. '५ ते ७ समारोप, ८ला भोजन' असं छापलं तर एकाचं जेवण बुडालं आणि दुसऱ्याचा खजूर भाषणात अडकला. सूर्यास्त महिन्यागणिक सरकतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास असतो. त्या दिवसाची वेळ पंचांगात बघून घ्या.

पारसिक: शुक्रवारी १ ते २.१५ सत्र नको, जुम्म्याची नमाज असते. आणि रविवार घेत असाल तर ठाण्याहून येणाऱ्यांसाठी ट्रान्सहार्बर लोकलचा (ठाणे-वाशी मार्गाचा) मेगाब्लॉक बघा. असला की बहुधा ११ ते ४ असतो. जाहीर दोन-तीन दिवस आधी होतो, म्हणजे तारीख ठरवताना कळत नाही. ऐरोली पुलावरून बसची सोय आधीच बोलून ठेवा.

ऐरोलीकर: असं लिहितो: 'परिषद १२ ते १४, तिन्ही दिवस धरून. वेळापत्रक सर्वांना धरून आखले आहे. वर्ज्य तारखांबाबत सूचना तीस दिवस आधीपर्यंत कळवाव्यात.'

मुद्रितशोधक: 'आधीपर्यंत' काढा, तारीख घाला. आणि 'आखले आहे' नको, 'आखत आहोत' करा. आखून झालं असेल तर सूचना कशाला मागवताय?