एकाच निळ्या रंगात बारा जलरंगचित्रं: टोन सपाट होतात, विषय सुचत नाहीत

ओला_कागद:
एकच रंग वापरून बारा जलरंगचित्रांची मालिका करायची आहे. विषय पावसाळ्यातलं कोकण, कागद ३०० जीएसएम कोल्ड प्रेस (जाड, किंचित खडबडीत), आकार ए-४. हाताशी प्रशियन ब्लू आणि अल्ट्रामरीन अशा दोन ट्यूब आहेत. पहिली तीन चित्रं प्रशियनमध्ये केली, तिन्ही सपाट झाली. दुरून पाहिलं की डोंगर, घर, माड सगळं एकाच मधल्या निळ्यात. गडद करण्यासाठी दाट रंग लावला तर वाळल्यावर तांबूस चमक येते. दोन्हींपैकी कोणता निळा घ्यावा? आणि रंग एकच असताना बारा वेगळे विषय शोधायचे कसे?

टोनपट्टी:
चित्र बाजूला ठेवा आणि त्याच कागदाच्या तुकड्यावर नऊ चौकोनांची, म्हणजे फिक्यापासून गडदपर्यंतच्या नऊ टोनची, पट्टी करा, प्रत्येक चौकोन २.५ सेंमीचा. पहिला कोरा कागद, नववा सायीइतका दाट रंग. मधले सात भरताना गडदकडून सुरुवात करा आणि प्रत्येक वेळी आधीच्या मिश्रणात साधारण तेवढंच पाणी घाला. पट्टी पूर्ण वाळल्यावरच ठरवा, कारण जलरंग वाळताना फिका पडतो. ओला असताना सातवा वाटणारा टोन वाळून पाचवा होतो. सपाटपणाचं बहुतेक वेळा हेच कारण असतं: ओल्या रंगाकडे बघून हात थांबतो आणि चित्र तिसऱ्या ते सहाव्या टोनमध्ये अडकतं.

मग ५ × ७ सेंमीची लहान रेखाटनं करा, फक्त तीन टोनमध्ये: कोरा कागद, चौथा, आठवा. गडद भाग दहाव्या हिश्श्याहून फार मोठा नको, पण तो एकत्र, एका जागी हवा. इथे रचना उभी राहिली नाही तर ए-४ वरही राहणार नाही. मोबाइलवर चित्राचा कृष्णधवल फोटो काढून पट्टीच्या तशाच फोटोशेजारी ठेवला की चूक लगेच दिसते.

तांबूस चमक प्रशियनचा जाड थर वाळल्यामुळे येते. तोच गडदपणा दोन-तीन पातळ थरांनी आणा, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. तुमचे दोन्ही निळे या कामाला चालतात. कोबाल्ट किंवा सेरुलियन घेतला असता तर पुरेसा गडद टोनच मिळाला नसता. पिवळ्यात तर अशी मालिका जवळपास अशक्यच, त्याचा सर्वांत दाट थरसुद्धा उजळच राहतो.

रंगद्रव्य:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण दोन्ही निळे चालतात म्हणजे दोन्ही सारखे नव्हेत. ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. प्रशियन म्हणजे पीबी २७, अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९. स्वस्त ट्यूबवर नाव प्रशियन आणि आत पीबी १५, म्हणजे थॅलो हा वेगळाच निळा, असं आढळतं. ‘इंडिगो’ नावाची ट्यूबही सहसा निळा आणि काळा यांचं मिश्रण असते.

अल्ट्रामरीनचे कण जड असतात, ते कागदाच्या खळग्यांत बसतात आणि वॉश (पाणीदार रंगाचा थर) दाणेदार दिसतो. पावसाचे ढग, जांभ्याची भिंत, ओली वाळू हे विषय तो रंग स्वतःच अर्धे काढून देतो. बोर्ड एका बाजूने पुस्तकावर टेकवा, भरपूर पाण्याचा वॉश द्या आणि वाळेपर्यंत हात लावू नका. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये जास्त ओला ब्रश टेकला तर ते पाणी रंग ढकलत बाहेर पसरतं आणि फुलकोबीसारखी कडा पडते. वाळलेला अल्ट्रामरीन ओल्या चपट्या ब्रशने आणि टिश्यूने बऱ्यापैकी उचलता येतो. म्हणून धुकं, कंदिलाभोवतीचा उजेड, ढगाआडचा चंद्र त्याच्याकडे द्या.

प्रशियन कागदात मुरतो, नंतर उचलता येत नाही. पांढरं हवं तिथे कागद आधीच राखा. मास्किंग फ्लुइड (कागद झाकून ठेवणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) वापरलंत तर वॉश पूर्ण वाळल्यावर, पण फार दिवस न ठेवता काढा. जुनं झालं की ते कागद सोलून आणतं. कौलांची कड, होडीची आकृती, तिन्हीसांजेचा माडांचा पट्टा असे धारदार, गडद आकार प्रशियनचे. त्याचे पातळ वॉश तीव्र उन्हात फिकटतात (अंधारात ठेवल्यावर काही प्रमाणात परत येतात), तेव्हा खिडकीसमोर टांगू नका.

नीलकंठ:
विषयांबद्दल. वस्तूंची यादी करू नका, प्रश्नांची करा. निळ्यात रंगाचा भेद नाहीसा होतो, म्हणून डोळ्याला वेगळं दिसणारं काय एकत्र मिसळेल, हे शोधणं हाच विषय. जास्वंदीचं लाल फूल आणि हिरवी पानं लख्ख वेगळी दिसतात, पण दोन्हींचे टोन पुष्कळदा जवळपास सारखे असतात. निळ्यात काढलीत की फूल गायब! मग ते वाचवायला पाकळीची कड, मागची सावली, ब्रशची दिशा हेच उरतं. हे एक चित्र झालं. दुसरं उलट: पांढऱ्यावर पांढरं, म्हणजे चुन्याच्या भिंतीपुढे वाळत घातलेलं धोतर. तिसरं, भाताच्या खाचरातलं पाणी आणि आकाश एकाच टोनचं असताना फक्त बांधाने दोन्ही वेगळी करणं.

जपानी चित्रकार होकुसाईची १८३० च्या सुमाराची फुजी पर्वताची मुद्राचित्रं (लाकडी ठशांनी छापलेली) नीट बघा. मालिकेतल्या काही चित्रांचे सुरुवातीचे ठसे जवळजवळ संपूर्ण निळ्यातच होते. रंग तुमचाच, बाहेरून जपानात आलेला प्रशियन. वरून खाली विरत जाणारा आकाशाचा पट्टा ठशाच्या लाकडावरच रंग कमी-जास्त पुसून मिळवलेला आहे. ते वॉशमध्ये करून पाहणं हा उत्तम सराव.

आपल्याकडचे चित्रकार वासुदेव गायतोंडे तर पाहायलाच हवेत. रोलर आणि पॅलेट नाइफने तैलरंगाचे थर चढवून आणि काढून त्यांनी जवळजवळ एकाच रंगात जी खोली आणली, ती बघताना ‘विषय काय’ हा प्रश्न मागे पडतो. जलरंगात थर तसे चढवता-काढता येणार नाहीत, पण थराखालून थर दिसू देणं शिकता येतं.

ओला_कागद:
पट्टी केली. सातच्या पुढे गेलोच नव्हतो. आभार. आणखी एक: शेवटचं चित्र चुना मारलेल्या अंगणाच्या भिंतीवर मोठं करायचं मनात आहे. तिथे प्रशियन चालेल?

रंगद्रव्य:
नाही. चुना अल्कधर्मी असतो, त्यात प्रशियन टिकत नाही, तपकिरी पडतो. अल्ट्रामरीन चुन्यात टिकतो. कपड्यांना घालायची निळीची पूड म्हणजे अल्ट्रामरीनच, म्हणून पूर्वीपासून चुन्यात नीळ घालतात. द्रव नीळ मात्र घेऊ नका, तो वेगळा रंग असतो.

कळीचा (न विझवलेला) चुना असेल तर पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका, उकळून अंगावर उडतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. रात्रभर ठेवून फडक्यातून गाळा. रंगद्रव्य कोरड्या चुन्याच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जास्त झालं तर भिंतीवरून हाताला लागतं. पूड आधी थोड्या पाण्यात घोटून मगच मिसळा, नाहीतर गाठींचे निळे ओघळ येतात. भिंत ओली करून दोन-तीन पातळ हात द्या. चुन्यातला निळा वाळल्यावर कागदापेक्षाही खूप जास्त फिकटतो, तेव्हा तिथली टोनपट्टी भिंतीच्याच कोपऱ्यात करा आणि दोन दिवस वाळू द्या. भिंत पुढे कधी ॲसिडने धुऊ नका. प्रशियनला जसा चुना मारतो, तसं अल्ट्रामरीनला आम्ल.