मदत हवी आहे: अर्धवट फीचर जाहीर करून बसलोय

मंडळी, एक छोटी प्रोग्रामिंग भाषा बनवतोय. काम सगळं उघड्यावर, रोजचा कमिट कोणीही बघावा. वापरणारे मोजके, पण चिवट.

मागच्या रिलीजच्या वेळी पॅटर्न मॅचिंगचा (व्हॅल्यूचा आकार बघून पुढचा कोड निवडायची सोय) पार्सर, म्हणजे लिहिलेला कोड वाचून समजणारा भाग, नुकता चालायला लागला होता. उत्साहाच्या भरात रिलीज नोट्समध्ये उदाहरणासकट लिहून टाकलं, ‘पुढच्या आवृत्तीत येतंय’. टाइप चेकर (व्हॅल्यूंचे प्रकार जुळतात का ते तपासणारा भाग) लिहायला घेतल्यावर घोळ लक्षात आला. पॅटर्नमध्ये नुसतं नाव आलं तर ते नवीन व्हेरिएबल की आधीचा कॉन्स्टंट? माझ्या सिंटॅक्समध्ये (लिहायच्या नियमांत) ते कळायला मार्गच नाही. पायथन ३.१० मध्ये साधं नाव म्हणजे नवीन व्हेरिएबल, टिंबवालं नाव म्हणजे आधीची व्हॅल्यू. पण माझ्याकडे टिंबाला आधीच दुसरं काम आहे.

तोवर दोघांनी ते उदाहरण बघून आपापल्या लायब्ररीचा एपीआय (इतरांनी वापरायची फंक्शनं) त्या हिशेबाने बदलला. एकजण तारीख विचारतोय. काय सांगू? यापुढे काम पूर्ण होईपर्यंत गप्पच बसावं का? मग सूचना कोण देणार!

प्रतिसाद १
गप्प बसू नका, कुलूप लावा. रस्टमध्ये अस्थिर फीचर नाईटली (रोज रात्री बनणाऱ्या, चाचणीच्या) कंपायलरवरच चालतं, तेही कोडमध्ये त्याचं नाव लिहून मागितलं तर. स्टेबलवर, म्हणजे पक्क्या आवृत्तीवर, सरळ एरर. जावातही प्रिव्ह्यू फीचर मुद्दाम चालू करावं लागतं. स्ट्रिंग टेम्प्लेट २१ आणि २२ मध्ये असे दिले, २३ मध्ये चक्क काढून टाकले. ज्याने स्वतःच्या हाताने कुलूप उघडलंय त्याला ‘हे बदलू शकतं’ वेगळं सांगावं लागत नाही.

प्रतिसाद २
कुलूप ठीक, पण यांच्याकडे अजून दारच नव्हतं :) नुसता पार्सर! माझ्या मते उदाहरण दाखवलं ते बरोबर, ‘पुढच्या आवृत्तीत’ हे नडलं. पायथननेही अ‍ॅनोटेशनचं (कोडमधल्या प्रकारांच्या टिपांचं) मूल्यमापन लांबवणं ३.१० पासून डीफॉल्ट करायचं ठरवलं होतं. २०२१ मध्ये बीटा तोंडावर आल्यावर लायब्ररीवाल्यांनी अडचण मांडली आणि ते पुढे ढकलावं लागलं. तारीख देऊच नका. नोट्स दुरुस्त करा, पण गुपचूप नको. सिंटॅक्स का बदलतोय ते वरच लिहा. आणि त्या दोघांना आधी कळवा.

धागाकर्ता
दोघांनाही धन्यवाद. नोट्स बदलल्या. लायब्ररीवाल्यांपैकी एकजण म्हणाला, आधीच्या व्हॅल्यूच्या नावाच्या आधी चिन्ह लावू, इलिक्झरमध्ये आहे तसं. त्याने दोन तास दिले आणि मी उगाच घाबरत होतो. आता कुलूप उघडणाऱ्या फ्लॅगचं (फीचर चालू करायच्या खुणेचं) सांगा: तो फाइलमध्ये लिहायला लावू की कमांड लाइनवर? फाइलमध्ये असला तर लायब्ररी वापरणाऱ्याला तो कळणार कसा?