किशोर कादंबरी, १९३९ चं इंग्लंड: आराखड्यात कुठे चुकतंय?

पाटीपेन्सिल

दहा ते तेरा वयाच्या वाचकांसाठी कादंबरी लिहितेय. पूर्व लंडनमधल्या दोघी बहिणी, थोरली १२ वर्षांची, धाकटी ९. युद्ध सुरू होताना त्यांना सॉमरसेटमधल्या एका खेड्यात पाठवतात. रणांगण कुठेच नाही. शाळा, रेशन, भोंगे आणि परक्याचं घर, एवढंच.

आराखडा असा आहे. १ सप्टेंबर १९३९: आई फलाटावर निरोप देते, हातात रेशनबुक आणि नव्या घराचा पत्ता ठेवते. आठवड्याभरात लंडनवर बॉम्ब पडायला लागतात. १९४० चा नाताळ: चर्चच्या घंटा वाजतात, पण गोळ्या-चॉकलेटची कूपनं संपलेली. मार्च १९४१: शाळेच्या मुली रानगुलाबाची फळं गोळा करतात. जून १९४१: रात्री नऊच्या मिट्ट काळोखात धाकटी हरवते, ब्लॅकआउटमुळे (रात्री सगळे दिवे झाकायचा नियम) सापडत नाही. तोच शेवट.

तारखा तपासून हव्यात. शिवाय शिलिंग-पेन्स आणि औंसांचं काय करू? अशा शहरातून गावी हलवलेल्या, म्हणजे इव्हॅक्युई, मुलांना 'निर्वासित' म्हणावं का?

भिंतीवरचं_घड्याळ

थोडं कठोर लिहितो. सहा वर्षांचं युद्ध तुम्ही एकाच पातेल्यात ढवळलंय. यात दर सहा महिन्यांनी नियम बदलत होते.

रेशन ८ जानेवारी १९४० ला सुरू झालं, तेही फक्त बेकन, लोणी आणि साखरेपुरतं. त्यामुळे १ सप्टेंबरला आईच्या हातात रेशनबुक असणं शक्य नाही. मुलीजवळ काय असेल? खांद्याला दोरीने अडकवलेला पुठ्ठ्याचा खोका, त्यात गॅसमास्क. कोटाला नावाची चिठ्ठी. पिशवीत बदलायचे कपडे, टॉवेल, कंगवा, दात घासायचा ब्रश, दिवसभराचं खाणं. लाल-निळा 'मिकी माउस' मास्क दोन ते पाच वर्षांच्या पोरांचा. तुमची धाकटीही काळाच वापरणार. त्याच्या काचेवर श्वासाची वाफ धरते म्हणून आतून साबण चोळायचे. फुंकर मारली की रबर गालाला घासून अचकट आवाज निघायचा. मुलींचा वर्ग शिस्तीत बसलाय आणि मागच्या बाकावरून तो आवाज येतोय, हे वाया घालवू नका.

पत्ताही आईला ठाऊक नव्हता. मुलं शाळेसोबत, शिक्षकांच्या देखरेखीखाली निघाली, आणि कुठे उतरणार ते बहुतेकांना माहीत नव्हतं. अनेक ठिकाणी आयांना फलाटावर येऊच दिलं नाही. मुलांजवळ तिकीट लावलेलं पोस्टकार्ड असायचं. पोचल्यावर पत्ता लिहून घरी टाकायचं. तुमचं पहिलं प्रकरण त्या कोऱ्या कार्डावर उभं राहू शकतं. अजून एक: थोरली शिष्यवृत्ती मिळवून वेगळ्या शाळेत असेल तर दोघींच्या शाळा वेगवेगळ्या गावी जाणार. भावंडांना एका शाळेबरोबर पाठवता येत असे, पण ते आधी ठरवावं लागे. ते ठरवताना घरात झालेली कुरबुर दाखवा.

बॉम्बचं तर वर्ष चुकलंय. लंडनवरचे मोठे हल्ले ७ सप्टेंबर १९४० ला सुरू झाले. मधल्या काळात काहीच घडत नाही म्हणून जानेवारी १९४० पर्यंत जवळजवळ निम्मी मुलं घरी परतली होती. दोघींना गावातच ठेवायचं असेल तर वर्गातल्या मैत्रिणी एकेक करून लंडनला जाताना दाखवा आणि यांना आई का नेत नाही याचं कारण द्या. सुरुवातीला खेड्यातली शाळा बऱ्याचदा पाळ्यांत चाले: सकाळी गावची मुलं, दुपारी लंडनची. बाक तेच. भांडणं लावायला आणखी काय हवं?

घंटा: जून १९४० पासून बंद. त्या वाजल्या तर शत्रू उतरला असा अर्थ. इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईतल्या विजयानंतर १५ नोव्हेंबर १९४२ ला देशभर वाजल्या. तेव्हा १९४० चा नाताळ मुका. आणि गोळ्या-चॉकलेटची कूपनं २६ जुलै १९४२ पासून आली. १९४० मध्ये दुकानात माल असला तर मिळे, नसला तर नाही.

आता जून १९४१ ची रात्र. त्या वर्षी मे महिन्यापासून घड्याळं ग्रीनिचच्या प्रमाणवेळेपेक्षा दोन तास पुढे होती. जूनमध्ये सूर्य मावळायलाच सव्वादहा वाजून जातात. नऊ वाजता लख्ख उजेड, शेतात गवत कापायचं काम चाललेलं. कोणीही हरवणार नाही.

कैरीची_फोड

रानगुलाबाच्या फळांवर लिहिते, कारण मार्चमध्ये झुडपावर फळ नसतं. ती पिकतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि देशव्यापी गोळा करणं १९४१ च्या शरदात सुरू झालं. जहाजं बुडवणाऱ्या जर्मन पाणबुड्यांमुळे संत्री येईनाशी झाली होती, आणि या फळांत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट.

अन्न खात्याची घरगुती कृती अशी होती: २ पौंड फळं जाडसर दळायची आणि दळल्याबरोबर ३ पाइंट (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त) उकळत्या पाण्यात टाकायची. आधी दळून ठेवली तर हवेने जीवनसत्त्व जातं. पुन्हा उकळी आली की उतरवून १५ मिनिटं ठेवायचं, मग जाड कापडी पिशवीतून गाळायचं. चोथा परत दीड पाइंट उकळत्या पाण्यात, १० मिनिटं ठेवून पुन्हा गाळायचं. दोन्ही पाणी एकत्र करून दीड पाइंटांपर्यंत आटवायचं, सव्वा पौंड साखर घालून ५ मिनिटं उकळायचं. छोट्या बाटल्या हव्यात, कारण उघडलेली बाटली आठवडा-दोन आठवड्यांत बिघडते.

चुकतं ते गाळण्यात. बियांभोवती बारीक केस असतात, ते घशाला लागतात. म्हणून गाळताना पहिला वाटीभर रस परत पिशवीत ओतायचा. याच केसांची खाजखुजली करून पोरं मुलींच्या मानेत टाकायची, हे वेगळं सांगायला नको.

मात्र हिशेब बघा. साखर तेव्हा माणशी आठवड्याला ८ औंस. १६ औंसांचा एक पौंड, तर सव्वा पौंड म्हणजे एका माणसाचं अडीच आठवड्यांचं रेशन. म्हणून शाळेच्या मुली फळं वेचून, तोलून केंद्रावर पाठवायच्या आणि सिरप कारखान्यात व्हायचं. घरी केलेली बाटली दाखवायची असेल तर साखर कोणाच्या वाट्याची गेली तेही दाखवा.

अडीचकी

पैशांबद्दल: तेव्हा १ रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स. एकटं मूल ठेवणाऱ्या घराला सरकारकडून आठवड्याला १० शिलिंग ६ पेन्स मिळत, म्हणजे बरोब्बर ७ रुपये. एकाहून जास्त मुलं असली तर प्रत्येकी ८ शिलिंग ६ पेन्स: ५ रुपये १० आणे ८ पै. दोघींचे मिळून १७ शिलिंग, पोस्टातून घ्यायचे. घरधनीण ते मोजताना थोरलीच्या कानावर पडू द्या. 'आपण यांना परवडतो का' हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलीला पडतोच. मजकुरात रुपये आणू नका, शिलिंगच ठेवा, फक्त १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड हे एकदा धाकटीच्या गणिताच्या वहीत येऊ द्या. ४ औंस लोणी म्हणजे साधारण ११३ ग्रॅम, आजीच्या भाषेत अदपावाच्या आसपास.

'निर्वासित' नको. आपल्या वाचकाला त्यात फाळणी दिसते. 'गावी पाठवलेल्या मुली' पुरे, किंवा सरळ 'लंडनच्या मुली'. गावकरी तेच म्हणतील. सायरनला 'भोंगा' उत्तम: खालीवर होणारा इशाऱ्याचा, एकसुरी 'सगळं ठीक'चा. आणि घरधनिणीला 'काकू' करू नका. तिकडे मुलं 'आंटी' म्हणायची. तो शब्द पहिल्यांदा तोंडातून निघायला किती दिवस लागले, ते मोजा.

पाटीपेन्सिल

पोस्टकार्ड घेतलं. पण मग धाकटी हरवणार कधी?

भिंतीवरचं_घड्याळ

सकाळी. हिवाळ्यातही घड्याळं एक तास पुढेच होती, त्यामुळे डिसेंबरअखेर त्या भागात सूर्य उगवायला नऊ वाजून जातात. कथा डिसेंबर १९४१ पर्यंत न्या, रानगुलाबाचा शरदही त्यात बसेल. नाताळची सुट्टी लागायच्या आधीचा दिवस, शाळेची वाट, टॉर्चच्या तोंडाला नियमाप्रमाणे पातळ कागद, झाडांच्या बुंध्यांना पांढरे पट्टे. चौकातल्या दिशादर्शक पाट्या १९४० च्या उन्हाळ्यातच काढलेल्या; नुसता खांब उरलाय. ती पोर पट्टे मोजत जाते, आणि एका वळणावर पट्टे संपतात.