कॅल्शियम: सोया दूध असताना गोळी हवीच का?

मुलुंडकर:
आई ६२ वर्षांची. दूध पचत नाही म्हणून रोज एक ग्लास कॅल्शियम घातलेलं सोया दूध घेते. शिवाय डॉक्टरांनी कॅल्शियम कार्बोनेटच्या ५०० च्या दोन गोळ्या दिल्यात. ती सकाळी थायरॉइडच्या गोळीसोबतच दोन्ही उरकते. एवढं लागतं का? मुतखडा होईल का?

औषधविक्रेता, परळ:
आधी वेळ बदला. कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाला आतड्यातच धरून ठेवतं. टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) चढतो आणि डोस नाहक वाढतो. दोन्हींत चार तासांचं अंतर हवंच. कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून एक गोळी दुपारी जेवणासोबत, दुसरी रात्री. ५०० मिग्रॅच्या वर एकदम घेतलं तर अंगी लागण्याचं प्रमाण घटतं. पित्तासाठी आम्ल कमी करणारं पॅन्टोप्राझोल रोज चालू असेल, तर कार्बोनेटऐवजी कॅल्शियम सायट्रेटबद्दल डॉक्टरांना विचारा. त्याला आम्लाची तेवढी गरज नसते.

नाचणीवाली:
या वयात बायकांना दिवसाला १२०० मिग्रॅ लागतं. सोया दुधाच्या खोक्यावर १०० मिलीला १२० मिग्रॅ लिहिलं असेल, तर २०० मिलीचे २४० झाले. पण खोकं जोरात हलवूनच ओता! घातलेला क्षार तळाशी बसतो, वरवरचं ओतलं तर कॅल्शियम खोक्यातच राहतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिग्रॅ, म्हणजे ४० ग्रॅमच्या भाकरीत १४०. पालक हिशेबात धरू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम सोडत नाही. आणि दुधाच्या पिशवीवरचं '+एफ' चिन्ह अ आणि ड जीवनसत्त्वाचं असतं, कॅल्शियमचं नव्हे.
खाण्यातून ७०० जमत असेल तर एक गोळी पुरू शकेल. मात्र हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, तर परस्पर कमी करू नका.

सायनचा_वाचक:
मुतखड्याची भीती अगदीच खोटी नाही. अमेरिकेतल्या २००६ च्या मोठ्या चाचणीत १००० मिग्रॅ कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्या बायकांत खडे १७ टक्के जास्त आढळले. उलट जेवणातलं कॅल्शियम खडे बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधून बाहेर काढतं. गोळी जेवणासोबत घ्यायला हेही एक कारण. पूर्वी खडा झाला असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

मुलुंडकर:
थायरॉइडची गोळी सहाला, सोया दूध आठला. चालेल?

औषधविक्रेता, परळ:
नाही. त्यातही कॅल्शियम आहेच, आणि सोयाही त्या औषधाच्या आड येतो. दूध संध्याकाळी चहाच्या वेळी द्या. वेळा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा.