मदत हवी आहे – क्लॅश रॉयल: एकेक कार्ड भारी, तरी डेक हरतो. कुठे चुकतंय?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या गणपतीत गेल्या वर्षापासून कॅरम आणि बुद्धिबळाच्या जोडीला क्लॅश रॉयल या मोबाइल खेळाची स्पर्धा असते. आठ कार्डांचा डेक घेऊन समोरच्याचे टॉवर पाडायचे, असा हा खेळ. खुला गट, वयाची अट नाही. गेल्या वर्षी मी पहिल्याच फेरीत हरले. समोर सातवीतला मुलगा होता, फार छान खेळला. पण मी का हरले हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही, तेच टोचतंय. यंदा तीन आठवडे हातात आहेत आणि मला खरंच नीट खेळायचं आहे.

थोडं माझ्याबद्दल. वय ४४, धायरीत राहते, लक्ष्मी रोडवरच्या एका कापड दुकानात हिशेब सांभाळते. हा खेळ मला २०२० च्या लॉकडाउनमध्ये मुलाने शिकवला. तो आता अकरावीत, क्लासमुळे त्याचं खेळणं सुटलं. माझं सुटलं नाही. मुलगी ढोलपथकात आहे, तिचा सराव नदीपात्रात असतो, तो संपेपर्यंत मी गाडीवर बसून खेळते. म्हणजे सराव कमी पडतोय असं नाही.

माझा डेक असा आहे (कंसात ते कार्ड टाकायला लागणारं एलिक्सिर, जे खेळताना आपोआप भरत राहतं): मेगा नाइट (७), एलिट बार्बेरियन्स (६), विझार्ड (५), विच (५), हॉग रायडर (४), फायरबॉल (४), स्केलेटन आर्मी (३), फायरक्रॅकर (३). बेरीज ३७, आठाने भागलं की सरासरी ४.६ एलिक्सिर.

निवडताना विचार एवढाच केला होता की ज्या ज्या कार्डाने मला हरवलं ते ते घ्यायचं. मेगा नाइट वरून उडी मारतो आणि खालचं सगळं साफ होतं. एलिट बार्बेरियन्स धावत येतात आणि बघता बघता टॉवर निम्मा करतात. वेगवेगळं पाहिलं तर एकही कार्ड लेचंपेचं नाही. लेव्हलही बऱ्या आहेत, सगळं एलिट आणि मेगा नाइटवरच खर्च केलंय. पण सोसायटीची स्पर्धा फ्रेंडली बॅटलमध्ये होते, तिथे वाढवलेल्या लेव्हलचा फायदा मिळत नाही. तिथे मी उघडी पडते.

दुकानातली सवय म्हणून मी गेल्या महिन्यात हरलेल्या लढती वहीत मांडल्या. बहुतेक पराभव पहिल्या दोन मिनिटांतलेच आहेत, शेवटच्या मिनिटात एलिक्सिर दुप्पट वेगाने येतं तिथले नाहीत. प्रकार साधारण असा असतो: सुरुवातीला हातात मेगा नाइट, एलिट, विझार्ड आणि विच येतात. समोरचा लगेच हॉग सोडतो. मी काहीही टाकलं तरी पाच-सहा एलिक्सिर जातं, त्याचे चारच गेलेले असतात. मग तो दुसऱ्या बाजूने काहीतरी स्वस्तातलं पाठवतो आणि माझ्याकडे द्यायला काही नसतं. नाहीतर मी धीर धरून मेगा नाइटपुरतं एलिक्सिर साठवत बसते आणि तोवर पट्टी दहावर जाऊन थांबते. भरलेल्या पट्टीत नवं येत नाही, म्हणजे ते चक्क वाया.

प्रश्न दोन. एक, यातलं नेमकं काय काढू आणि काय ठेवू? दोन, कार्डं निवडायची रीत कोणती? मला तयार डेक नको आहे. तयार डेक मी आधीही उतरवून घेतलेत, खेळताना ते हातात बसत नाहीत. त्यातलं प्रत्येक कार्ड तिथे का आहे ते मला समजून घ्यायचं आहे.

– हिशेबवही

आठपत्ती

ताई, प्रश्न फार व्यवस्थित मांडलात. वही ठेवणारे खेळाडू कमी दिसतात.

तुम्ही सरासरी काढलीत. आता आणखी एक बेरीज करा, माझ्या मते सरासरीपेक्षा ती जास्त सांगते. या खेळात हातात चार कार्डं असतात आणि चार रांगेत. टाकलेलं कार्ड रांगेच्या शेवटी जातं. म्हणजे हॉग टाकला की मध्ये दुसरी चार कार्डं टाकल्याशिवाय तो परत हातात येत नाही. तुमच्या डेकमध्ये हॉग सोडून सर्वात स्वस्त चार कोणती? आर्मी ३, फायरक्रॅकर ३, फायरबॉल ४, आणि विझार्ड किंवा विच ५. झाले १५. पहिल्या दोन मिनिटांत एक एलिक्सिर भरायला २.८ सेकंद लागतात. १५ गुणिले २.८ म्हणजे ४२ सेकंद.

आता बऱ्याच वर्षांपासून प्रसिद्ध असलेला २.६ सरासरीचा हॉग डेक घ्या: हॉग, मस्केटियर, आइस गोलेम, आइस स्पिरिट, स्केलेटन्स, कॅनन, फायरबॉल, लॉग. तिथे हॉग सोडून स्वस्त चार म्हणजे १, १, २, २. सहा एलिक्सिर, १७ सेकंदांच्या आत हॉग पुन्हा हातात. तुमचा एक हॉग येईपर्यंत त्याचे दोन येऊन जातात. त्याचं एकही कार्ड तुमच्या मेगा नाइटइतकं दांडगं नाही. तुम्ही हरता त्या इथे.

प्रत्यक्ष लढतीत कार्डं इतकी सरळ क्रमाने टाकता येत नाहीत हे खरं, पण फरक केवढा आहे ते कळायला एवढं पुरे.

बिबवेवाडीकर

वरच्यांचं गणित बरोबर, पण प्रत्येकाला हॉग सायकलच (स्वस्त कार्डांनी हॉग पुन्हा पुन्हा हातात आणायचा डेक) खेळायला सांगायचं हे मला पटत नाही. त्या डेकमध्ये एक चूक झाली तरी टॉवर जातो, स्वस्त कार्डांमध्ये सावरायला जागाच नसते. ताईंना मेगा नाइट आवडतो तर तो ठेवावा. फक्त त्याच्यासोबत दुसरं जड कार्ड नको. सात एलिक्सिरचा एक पाहुणा घरात असला की बाकीच्यांनी कमी जेवायचं.

मी खेळतो तो डेक: मेगा नाइट ७, मायनर ३, वॉल ब्रेकर्स २, बॅट्स २, गॉब्लिन गँग ३, झॅप २, इन्फर्नो ड्रॅगन ४, फायरबॉल ४. बेरीज २७, सरासरी ३.४ च्या आत. आणि ताई, मेगा नाइट मैदानातल्या नदीवरच्या पुलावर आधी टाकू नका. समोरचा खेळाडू साधा नाइट (३) टाकून टॉवरच्या मदतीने त्याला थोपवतो, तीनमध्ये तुमचे सात गेले. तो आपल्या बाजूला, शत्रू जमिनीवरून जवळ आला की त्यांच्या डोक्यावर उतरवायचा. वाचून उरला तर त्याच्या मागून मायनर.

आठपत्ती

मान्य, तुमचा डेक चांगला आहे. पण ताईंकडे मायनर आहे का, हा प्रश्न आहे. लेजेंडरी आहे तो, म्हणजे सहज न मिळणारा.

ताई, रीत विचारलीत म्हणून सांगतो. डेककडे आठ कार्डं म्हणून बघू नका, आठ कामं म्हणून बघा. पहिलं काम टॉवर पाडण्याचं. ते करणारं कार्ड ठरवा, बाकी सगळे त्याच्या सेवेत. हॉग फक्त इमारतींच्या मागे जातो, नदी उडी मारून ओलांडतो, वाटेत कुणाशी भांडत बसत नाही, म्हणून तो या कामाचा. एलिट बार्बेरियन्स या कामाचे वाटतात, पण वाटेत कोणीही आडवं आलं की तिकडे वळतात. दुसरं काम, एक मोठं आणि एक छोटं (लॉग किंवा झॅपसारखं दोनचं) अस्त्र. तुमच्याकडे फायरबॉल आहे, छोटं नाहीच. समोरून गॉब्लिन बॅरल किंवा स्केलेटन आर्मी आली की काय करता?

हिशेबवही

विझार्ड टाकते. आता लिहिताना दिसतंय: तीनच्या आर्मीवर पाच. लॉग असता तर दोनमध्ये काम झालं असतं आणि एक एलिक्सिर माझ्या खात्यात जमा. प्रत्येक देवघेवीत मीच नावे पडतेय.

मायनर नाही माझ्याकडे. लॉग आहे पण अगदी खालच्या लेव्हलचा.

आठपत्ती

बरोबर पकडलंत. मग लॉगऐवजी झॅप घ्या, तो कॉमन आहे, म्हणजे सहज मिळणारा, वाढवायला सोपा. गॉब्लिन्सवर लॉगइतका चालत नाही, पण हवेतल्यांनाही लागतो आणि इन्फर्नो टॉवरची वाढत जाणारी आग पुन्हा शून्यावर आणतो.

तिसरं काम इमारत. तुमच्या डेकमध्ये एकही नाही, आणि वहीत हॉगकडूनच जास्त हरलात असं दिसतं. कॅनन तीनचा. आपल्या भागात मधोमध, नदीपासून थोडा मागे ठेवला की चारचा हॉग त्याच्याकडे खेचला जातो आणि तोवर दोन्ही प्रिन्सेस टॉवर त्याला झोडतात.

माझा सल्ला: हॉग, फायरक्रॅकर, फायरबॉल ठेवा. मेगा नाइट, एलिट, विझार्ड, विच, आर्मी बाहेर. आत नाइट ३, कॅनन ३, झॅप २, स्केलेटन्स १, आइस स्पिरिट १. बेरीज २१, सरासरी २.६. आत घेतलेली पाचही कार्डं कॉमन आहेत, त्यामुळे लेव्हल वाढवायला फार दिवस लागणार नाहीत.

नदीकाठ

मध्येच बोलतोय. विझार्ड आणि विच शेजारी-शेजारी ठेवायची सवयही वहीत तपासा. समान लेव्हलला फायरबॉल आणि पाठोपाठ लॉग पडला की दोघंही जातात. सहामध्ये तुमचे दहा. डेक बदलला तरी ही सवय फायरक्रॅकरबरोबर राहील, म्हणून सांगितलं. फायरक्रॅकर टॉवरला चिकटून उभी करू नका, नाहीतर एकाच फायरबॉलमध्ये ती आणि टॉवर दोन्ही भाजतात.

आणि वरच्या डेकला हवेतलं फार झेपणार नाही. लाव्हा हाउंड आणि बलून एकत्र आले तर फायरक्रॅकर एकटी पडते. कॅनन हवेत मारत नाही. त्याच्या जागी टेस्ला घ्या, चारचा, जमीन-हवा दोन्ही. सरासरी २.७५ होईल, एवढं चालतं.

हिशेबवही (आठ दिवसांनी)

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर टेस्लावाला डेक खेळले. पहिले दोन दिवस फार वाईट गेले, हात अजून मोठी कार्डं शोधत होता. एका एलिक्सिरची तीन स्केलेटन्स टाकताना काहीच टाकत नसल्यासारखं वाटायचं. मग मुलाने शेजारी बसून एक गोष्ट दाखवली: समोर मिनी पेक्का आला की स्केलेटन्स त्याच्या अंगावर न टाकता भोवती पडतील अशी टाकायची. तो एकेकाला मारत बसतो, तेवढ्यात टॉवर त्याला संपवतो. एकात चार वसूल. ते पाहिल्यावर या डेकवर माझा विश्वास बसला.

बिबवेवाडीकर, तुमचं म्हणणंही अनुभवलं. एक चूक झाली की टॉवर जातो हे खरं आहे. पण चूक कुठली ते आता मला त्याच क्षणी कळतं. आधी कळत नव्हतं. मला हेच हवं होतं, म्हणून मेगा नाइट सध्या बाजूला ठेवलाय. जड गेलं, त्याच्यावर फार जीव होता.

आता अडतंय ते असं. समोर कॅनन असलेला खेळाडू आला की माझा हॉग दर वेळी कॅननलाच जाऊन धडकतो. चार देते, तीन खातो. फायरबॉलने आधी कॅनन पाडायला जावं तर आणखी चार जातात.

आठपत्ती

कॅनन पाडू नका, तो मोजा. त्याचीही तीच रांग आहे. त्याने कॅनन टाकला की तिथून त्याची कार्डं मनात मोजायची: एक, दोन, तीन, चार. चार होईपर्यंत तो कॅनन त्याच्या हातात येऊ शकत नाही. टाकलेल्या कॅननचं आयुष्य संपलं आणि त्याची चार झाली नाहीत, ती तुमची वेळ. तुमची स्वस्त कार्डं याचसाठी आहेत, हॉग तुमच्याकडे त्याच्या कॅननच्या आधी यायला हवा. म्हणून कॅनन काढून घ्यायला पहिला हॉग कधीकधी मुद्दाम पाठवायचा, दुसरा कमाईचा.

आणि शेवटपर्यंत कोणाचाच टॉवर पडला नाही तर जादा वेळेनंतर ज्याच्या टॉवरमध्ये सर्वात कमी जीव उरला असेल तो हरतो. त्यामुळे हॉगचा एकेक फटका जपून ठेवा, शेवटी फायरबॉलची किंमत त्यावर ठरते.

नदीकाठ

मोजायला सुरुवातीला एकाच कार्डापासून करा ताई. आठही मोजायला गेलात तर स्वतःचा खेळ विसराल. आधी फक्त कॅनन, तो जमला की त्याचं छोटं अस्त्र.

हिशेबवही

हे मला जमेल. दिवसभर दुकानात तेच करते, कोणाचं किती आलं आणि किती बाकी.

एक विनंती आहे. लाव्हा-बलून खेळणारं माझ्या ओळखीत कोणी नाही, आणि गेल्या वर्षीचा तो मुलगा यंदा तोच डेक खेळतोय असं सोसायटीत ऐकलं. कोणी खेळत असेल तर संध्याकाळी पावणेसात ते साडेआठ मी नदीपात्राजवळ मोकळी असते. मागे ढोल चालू असतात म्हणून बोलता येणार नाही, पण फ्रेंडली बॅटल लावता येईल. इथेच सांगा, मी रिक्वेस्ट पाठवते.

बिबवेवाडीकर

माझ्या भावाचा लाव्हा-बलून डेक आहे, चांगला खेळतो. उद्या सात वाजता त्याला बसवतो. टेस्ला आधीच टाकू नका, बलून पुलावर आला की टाका, त्याला ते सर्वात जड जातं.