टीव्ही आला, मुलं बघतातही. पण विचारलं की तीच पाच मुलं हात वर करतात. काय करू?

माणदेशी_मॅडम

नमस्कार. मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. आठवीचा पट ३६. गेल्या दिवाळीनंतर गावानं लोकवर्गणी काढून शाळेला ४३ इंची टीव्ही घेऊन दिला. मेंढरं घेऊन निम्मं वर्ष बाहेर असणाऱ्या घरांनीसुद्धा शंभर-दोनशे रुपये दिलेत. त्यामुळे त्या टीव्हीचं चीज व्हावं, असं मला फार वाटतं.

पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून मी दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचे व्हिडिओ लावते. मुलं पापणी न हलवता बघतात, वर्ग एकदम शांत. दोन महिने मी खूश होते. मग ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ या धड्यावर घटक चाचणी घेतली. सेल, दिवा आणि कळ यांची आकृती काढून दिली, त्यात एका ठिकाणी तार तुटलेली दाखवली आणि विचारलं, दिवा का पेटणार नाही? ३६ पैकी ११ जणांनी बरोबर लिहिलं. व्हिडिओत हे दोनदा दाखवलं होतं.

तोंडी विचारलं तर ठरलेली पाच मुलं हात वर करतात. खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते. जूनपासून तिनं स्वतःहून एकदाही उत्तर दिलेलं नाही. वही बघावी तर अक्षर मोत्यासारखं, फळ्यावरचं सगळं उतरवलेलं. तिला किती समजलंय हे मला खरंच कळत नाही, आणि तेच मनाला लागून राहिलंय.

मुलांकडे मोबाईल नाहीत. माझा एक आहे. दुपारी वीज जाते. कुणी प्रत्यक्ष वर्गात करून बघितलेलं असेल ते सांगा. प्रशिक्षणात ऐकलेलं माझ्याकडेही भरपूर आहे.

---

खडू_आणि_तार

मॅडम, शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग असं मीही बरीच वर्षं धरून चाललो होतो. मी वाळवा तालुक्यात गणित-विज्ञान शिकवतो, नोकरीला २४ वर्षं झाली. आता मी एकच गोष्ट कटाक्षानं पाळतो: पडद्यावर उत्तर यायच्या आधी वर्गातल्या प्रत्येक मुलानं स्वतःचं उत्तर मांडलेलं असलं पाहिजे. पाच जणांनी मांडून भागत नाही, छत्तीसच्या छत्तीस जणांनी मांडायचं. एकदा मांडलं की आपलं खरं ठरतंय का, याची ओढ लागते. मग तेच मूल तोच व्हिडिओ वेगळ्या नजरेनं बघतं.

एका मोबाईलवर हे होतं. प्लिकर्स नावाचं अ‍ॅप आहे. त्याची कार्डं कागदावर छापून घ्यायची, साधा संच ४० कार्डांचा असतो, तुमच्या पटाला पुरेल. प्रत्येक कार्डावर वेगळी काळी चौकोनी आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मुलानं आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं. आपण फळ्यापाशी उभं राहून मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कोणत्या क्रमांकाच्या कार्डानं काय उत्तर दिलं ते लगेच नोंदलं जातं. प्रत्येकाची आकृती निराळी, त्यामुळे शेजाऱ्याचं कार्ड बघून आपलं फिरवणं सोपं नसतं. तुमची शेवटच्या बाकावरची मुलगी इथं उत्तर देईल, कारण तिला बोलावं लागत नाही आणि तिचं चुकलं तर ते फक्त तुम्हाला कळतं. अ‍ॅपमध्ये मुलांची नावं मात्र घालू नका, हजेरी क्रमांक घाला.

कार्डं करताना दोन गोष्टी सांभाळा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड पडला की कॅमेरा वाचत नाही. माझा पहिला संच असाच वाया गेला. दुसऱ्या वेळी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवली, ती अजून टिकून आहेत. आणि कार्ड कडेला धरायला शिकवा, बोट आकृतीवर आलं की ते कार्ड वाचलंच जात नाही.

आता तुमच्याच धड्यावरचा माझा एक तास सांगतो. फळ्यावर सेल काढले आणि एकाच तारेवर एकापुढे एक असे दोन सारखे दिवे. विचारलं, कोणता दिवा जास्त उजळेल? ए पहिला, बी दुसरा, सी दोन्ही सारखे, डी एकही पेटणार नाही. कार्डं वर झाली. माझ्या ३२ मुलांपैकी १७ जणांचं उत्तर ‘पहिला’. त्यांच्या मते पहिला दिवा आपल्याला हवी तेवढी वीज घेतो आणि उरलेली पुढे जाते. शेताला पाणी देताना पाटातलं पाणी आधी पहिल्या वाफ्याला जातं, हे त्यांनी रोज बघितलेलं असतं. म्हणजे मुलांनी विचार केलेलाच आहे, आणि तो आपल्याला दिसल्याशिवाय बदलता येत नाही.

इथं उत्तर सांगायचं नाही. ‘शेजारच्याला पटवून दे’ एवढंच म्हणायचं आणि दोन मिनिटं वर्ग मोकळा सोडायचा. गलका होतो, होऊ द्या. मग पुन्हा कार्डं. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर १९९१ पासून असं शिकवत आले आहेत. त्यांचा एक आडाखा मला फार उपयोगी पडला: पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तर मुलांना आपसात बोलू द्यावं. त्याहून कमी असतील तर आपणच पुन्हा समजावावं, आणि जास्त असतील तर थोडक्यात सांगून पुढे जावं.

त्यानंतर प्रत्यक्ष प्रयोग. तीन सेल, बॅटरीचे दोन दिवे, तार. जोडलं, आणि पहिला दिवा स्पष्टपणे जास्त उजळला. ‘पहिला’ म्हणणाऱ्यांनी वर्ग डोक्यावर घेतला. मी गप्प उभा. तेवढ्यात एक मुलगा उठून म्हणाला, “सर, दिव्यांची जागा बदला की.” बदलली. आता दुसऱ्या जागेवरचा दिवा जास्त उजळला. म्हणजे फरक जागेचा नव्हता, दिव्याचा होता. भिंगातून बघितलं तर एकाच्या पितळी टोपीवर ०.२ आणि दुसऱ्याच्या टोपीवर ०.३ असा अँपिअरचा आकडा होता. बाजारातून आणताना मी आकडे बघितलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी एकसारखे दोन दिवे आणले आणि दोन्ही सारखेच उजळले. त्या मुलाच्या त्या एका वाक्यानं माझा पाचवीपासूनचा सगळा प्रयत्न फळाला आल्यासारखं वाटलं.

टीव्ही मी सगळ्यात शेवटी लावला. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या प्रकल्पाची सिम्युलेशन्स मोफत आहेत, बरीचशी मराठीतही आहेत. घरच्या नेटवर फाईल उतरवून घेतली की शाळेत नेटशिवाय लॅपटॉपवर चालते. परिपथ जोडायच्या सिम्युलेशनमध्ये तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. दिव्याच्या अलीकडे आणि पलीकडे त्यांचा वेग सारखाच, हे मुलांनी स्वतः बोट ठेवून मोजलं. प्रयोगात जे दिसत नाही ते दाखवणं, माझ्या मते टीव्हीचं खरं काम हेच आहे.

---

धडगावचा_मास्तर

खडू सरांचं वाचून आनंद झाला. मी नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात आहे. आमच्याकडे नेट टेकडीवर गेल्यावर येतं, म्हणून मी पाटी वापरतो. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं, पाटी छातीशी पालथी धरायची आणि ‘दाखवा’ म्हटलं की एकदम वर. एकदम हा शब्द महत्त्वाचा, नाहीतर मागची मुलं पुढच्यांचं बघून पुसतात. आठवीच्या मुलांना पाटी धरायला लाज वाटते. त्यांच्यासाठी परीक्षेच्या पॅडवर पारदर्शक प्लास्टिक ताणून लावा आणि व्हाईटबोर्डचा मार्कर द्या, पुसायला जुना पायमोजा. वीज गेली तरी तास थांबत नाही.

आणखी एक. आमची मुलं घरी पावरी बोलतात. जोडीत बोलायला सांगतो तेव्हा मी स्पष्ट म्हणतो, आपल्या भाषेत बोला. मराठीत विचारल्यावर मान खाली घालणारा मुलगा पावरीत शेजारच्याशी हिरिरीनं वाद घालतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग वर्गासमोर मराठीत सांगायला त्याच्याजवळ काहीतरी असतं. मॅडम, तुमची मुलगी मेंढपाळांच्या घरातली आहे का? तिच्या घरची बोली आणि आपली पुस्तकी मराठी यांत अंतर असेल तर तेही बघा.

---

चौथीची_बाई

माझी भर छोटीच आहे. प्रश्न विचारल्यावर आपण थांबतो किती? मेरी बड रोव या अमेरिकी संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. मी पाठीमागे हात ठेवून बोटांवर मोजते: एक, दोन, तीन, चार. फार अवघड जातं, वर्गातली शांतता अंगावर येते. पण तिसऱ्या बोटाला एखादा नवा हात वर येतो. आधी मी दुसऱ्या बोटालाच हुशार मुलाचं नाव घेत होते.

---

माणदेशी_मॅडम

सर्वांचे आभार. दोन आठवडे करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

कार्डं अजून छापून झाली नाहीत, म्हणून पॅडवर प्लास्टिक लावून सुरुवात केली. दोन दिव्यांचाच प्रश्न घेतला. माझ्या २२ मुलांनी ‘पहिला’ लिहिलं, आणि नेहमी हात वर करणाऱ्या पाचपैकी चौघं त्यातच होते. मला धक्का बसला. पाठ केलेली उत्तरं मी समज म्हणून धरत होते.

ती मुलगी. तिनं ‘सारखे’ लिहिलं होतं, अगदी बारीक अक्षरात, पॅडच्या कोपऱ्यात. मी तिचं नाव घेतलं नाही, फक्त ‘शेजारणीला पटव’ म्हटलं आणि दूर उभी राहिले. ती शेजारणीला ओढणीचं टोक धरायला लावून सांगत होती, “हिकडनं ओढलं की तिकडचं बी तवाच हलतंय, आधी न्हाई नि मागनं न्हाई.” मी इतकी वर्षं हा धडा शिकवतेय, हे उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं. धडगावच्या सरांनी बरोबर ओळखलं, घर मेंढपाळांचंच आहे.

एक अडचण आहे. ३५ मिनिटांच्या तासात असा एकच प्रश्न नीट होतो. धडे मागे पडताहेत आणि टाचण, म्हणजे पाठाच्या नियोजनाची वही, तपासताना केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी) विचारलंच. तुम्ही कसं बसवता?

---

खडू_आणि_तार

मॅडम, ओढणीचं उदाहरण मी उद्याच वर्गात वापरणार आहे, तिला तसं सांगा.

वेळेचं असं: प्रत्येक तासाला मी हे करत नाही. एका धड्यात मुलं हमखास अडखळतात अशा दोन जागा निवडतो, तिथं पूर्ण तास देतो. व्याख्या, उपयोग, नावं हा भाग घरी वाचायला देतो आणि दुसऱ्या दिवशी परिपाठानंतर पाच मिनिटांत पाटीवर तपासतो. टाचणात ‘अध्ययन अनुभव’ या रकान्यात प्रश्न, दोन्ही फेऱ्यांतले आकडे आणि मुलांची चुकीची कारणं त्यांच्याच शब्दांत लिहितो. आमच्या केंद्रप्रमुखांनी ते एकदा वाचलं आणि पुढच्या शिक्षण परिषदेत मला हाच तास घ्यायला सांगितला. दिवे घेताना टोपीवरचे आकडे तेवढे बघा.